पाव सूर खाली

लिंडसेने मान उजवीकडे वळवली, झालं एवढंच. शनिवारची दुपार होती. मेलबर्नमधल्या यॅराव्हिलच्या स्काउट हॉलमध्ये आमच्या बँडची तालीम सुरू व्हायची होती. स्टॅन ड्रमच्या मागे बसून नेहमीसारखा पाय खाजवत होता आणि वर पत्रा तापला होता. लिंडसेने गिटार गळ्यात अडकवली, तारांवरून अंगठा फिरवला, तोंड वाकडं केलं आणि उजवीकडे वळून म्हणाला, "सूर दे रे." उजवीकडे हेंक ऑर्गनवर बसला होता. मी डावीकडे असतो. लिंडसेने आणि मी पहिल्यांदा गिटारी हातात घेतल्या तेव्हापासून मी डावीकडे असतो, आणि "सूर दे रे" म्हणायचं ते डावीकडे बघून, ही आमच्यात न ठरवता ठरलेली गोष्ट होती. हेंक आला तेव्हाही ती मोडली नव्हती. ऑर्गनला खुंट्या नसतात, तो कोणाचं ऐकत नाही, म्हणून आधी मी माझी बेस गिटार, म्हणजे माझा बेस, त्याच्याशी जुळवायचा आणि लिंडसेने गिटार माझ्याशी. पाणी त्या विहिरीचं असेल, पण तांब्या माझ्या हातातला. त्या दुपारीही माझं बोट तारेवर ठेवलेलंच होतं. हेंकने पट्टी दाबली, लिंडसेने तारा जुळवल्या, "झकास" म्हणाला आणि गाण्याला हात घातला. मी तारेवरचं बोट उचलून नाक खाजवलं. नाक खाजत नव्हतं.

आता यात चिडण्यासारखं काय आहे, असं मी स्वतःला बसमध्ये विचारलं, मग बसमधून उतरून चालताना विचारलं. ऑर्गन जवळ होता, हेंक समोर होता, माणूस जवळ असेल त्याच्याकडे मागतो. मीठ मागतो तसंच. पण मीठ मागतानासुद्धा कोणाकडे मागायचं याचं एक वळण असतंच ना घरात? मी जळत होतो. याला दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही. एखाद्या मुलीवरून जळलो असतो तर निदान चारचौघांत सांगता आलं असतं, दोस्तांनी पाठीवर थाप मारली असती, बिअर पाजली असती. त्या वर्षी पब सहा वाजता बंद होणं नुकतंच थांबलं होतं, दुःख करायला संध्याकाळ मोकळी होती. पण तेवीस वर्षांच्या बाप्याने कोणाला जाऊन सांगायचं, की माझा मित्र सूर मागताना माझ्याकडे वळला नाही म्हणून?

घरी आई इस्त्री करत होती. "लिंडसे नाही आला? मटणाचे चार चॉप्स आणलेत मी," ती म्हणाली. लिंडसे अकरा वर्षांचा होता तेव्हापासून शनिवारी ती चार चॉप्स आणते. त्याच्या घरी बाप नव्हता आणि आई बिस्किटांच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची, म्हणून शाळा सुटली की तो आमच्याकडे यायचा तो रात्री झोपण्यापुरताच परत जायचा. "तो हेंककडे गेलाय," मी म्हणालो. "तो डच मुलगा? वळण चांगलं आहे हं त्याला. त्या दिवशी मला खुर्ची ओढून दिली. तू कधी दिलीस?" आई म्हणाली. म्हणजे घरातसुद्धा सुटका नव्हती. मी पुढच्या खोलीत जाऊन पियानोचं झाकण उघडलं आणि टवका उडालेली ती पांढरी पट्टी दाबली. माझ्या डोक्यात जो सूर दिवसरात्र वाजत असतो तो खोलीत वाजला. खालचा, जरा दमलेला, आपला.

हा पियानो आईच्या आईचा. मी लहान असताना एक सूर लावणारा म्हातारा आला होता, त्याने आत डोकं घालून बराच वेळ हूं हूं केलं आणि म्हणाला, "बाई, तारा जुन्या झाल्यात. खऱ्या सुरापर्यंत ओढल्या तर तुटतील. मी सगळ्याच पाव सूर खाली जुळवतो. आपापसांत भांडणार नाहीत." आईला ते पटलं. घर शांत राहिल्याशी कारण. तेव्हा आमचा पियानो स्वतःशी जुळलेला आणि जगाशी न जुळलेला असा होता, आणि हे लिंडसेला आणि मला कोणीच सांगितलं नव्हतं. आम्ही त्या टवक्याच्या पट्टीवर गिटारी लावायला शिकलो. तो पट्टी दाबून धरायचा, मी खुंटी पिळायचो, मग मी धरायचो. पुढे पुढे पट्टी दाबायचीसुद्धा गरज उरली नाही. तो सूर माझ्या कानात जाऊन बसला होता. कुठेही, अगदी पोहण्याच्या तलावावर लिंडसेने "दे" म्हटलं की मी गुणगुणून द्यायचो. तो हसायचा. म्हणायचा, "नेव्ह, तू मेलास की तुझं डोकं मला कापून दे."

मग बाबांनी रेकॉर्ड प्लेअर आणला, आणि त्याच्यावरची एकही रेकॉर्ड आमच्या गिटारींशी जुळेना. सगळी मोठी मोठी मंडळी आमच्यापेक्षा थोडं वर गात होती. आम्ही दोघांनी डोकं चालवून निकाल लावला, की यंत्र जोरात फिरतंय. लिंडसेने तबकडीवर बोट टेकवून बघितलं, मी दोऱ्याचं रीळ घासतं ठेवून बघितलं. रीळ ठेवलं की जुळायचं. झालं, पुरावा मिळाला. बाबा बिचारे शनिवारी सकाळी यंत्र काखोटीला मारून दुकानात गेले. दुकानदाराने लावून दाखवलं, ठीक आहे म्हणाला. बाबा म्हणाले, "ठीक कसं? माझ्या घरात दोन गवई आहेत, ते म्हणतात चढं आहे." दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. बाबा यंत्र घेऊन परत आले, टेबलावर ठेवलं, आणि जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गवयांनो, वाटाणे वाढा." पुढे कितीतरी वर्षं, आमच्यापैकी कोणी शहाणपणा करायला लागला की दुसरा म्हणायचा, "गवयांनो, वाटाणे वाढा." बँडमध्ये आलेल्या स्टॅनलासुद्धा याचा अर्थ आम्ही कधी सांगितला नाही. तो विचारायचा, आम्ही सांगायचो नाही. जगात एवढी एकच गोष्ट असेल की जी दोघांचीच होती.

हेंक आमच्यात आला तो सहा रिकाम्या ताटांसकट. चर्चच्या हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम होता, आणि पत्रकावर छापलं होतं की येताना एक ताट आणावे. आपल्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं की ताट म्हणजे ताटभर काहीतरी खायला. हेंकच्या आईला वाटलं, बिचाऱ्यांकडे भांडी कमी आहेत. तिने तिच्या लग्नातली सहा ताटं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्याबरोबर पाठवली. टेबलाशी उभा राहून हा सहा फुटी गडी एकेक ताट सोडवत होता आणि बायका तोंडावर हात धरत होत्या. मी मोठ्याने हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो असेन. लिंडसे हसला नाही. तो गेला, स्वतःच्या हातातलं अंड्याचं सँडविच त्याने हेंकच्या ताटात ठेवलं, म्हणाला, "बरं झालं आणलीस, इथे नेहमी कमी पडतात." मग त्याला विचारलं, तू काय करतोस? हेंक म्हणाला, मी ऑर्गन वाजवतो. असं झालं ते. मी हसलो नसतो तर झालं नसतं असं नाही, पण मला तसं वाटत राहतं.

तर हेंक आला, आणि त्याचा ऑर्गन आला. कपाटाएवढा, आत मोटर फिरणारा, उचलायला चार खांदे लागायचे म्हणून स्टॅनने त्याचं नाव आजोबा ठेवलं. एक खांदा अर्थातच माझा. आजोबांसाठी आम्ही सगळे पाव सूर वर सरकलो. हेंकने पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगितलं होतं, "नेव्हिल, मी दिलगीर आहे, पण तुम्ही सगळे खाली आहात." तो मला पूर्ण नावाने हाक मारतो. लिंडसे म्हणाला, "च्यायला, म्हणजे यंत्र बरोबर होतं!" आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. तेव्हा मला बरं वाटलं होतं. नंतर मात्र लिंडसेचं त्यांच्याकडे जाणं सुरू झालं. आमच्याकडे स्वतःचा चॉप खाऊन माझ्या चॉपकडे बघणारा हा माणूस हेंकच्या आईच्या वाटाण्याच्या सुपाचं कौतुक करायला लागला. त्यांच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डब्याचं झाकण लावून टाकतात. "एकच, लेका. पण त्यामुळे ते बिस्किट नीट लागतं," लिंडसे मला सांगत होता. बारा वर्षं आमच्याकडे खाल्लेल्याला चव नव्हती काय? चहात दूध घालायचंही त्याने सोडलं. केस मागे वळवले. हेंकसारखं "दिलगीर" म्हणायला लागला, आधी थट्टेने, मग तसंच.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि तिच्यावर मी गुपचूप जगत होतो. वरच्या सुरात लिंडसेचा आवाज फाटत होता. आमच्या एका गाण्यात शेवटी तो एकदम वर जातो आणि तिथे थांबतो. आमच्या घरच्या सुरात ती जागा त्याला अशी मिळायची की हॉलमधली पोरी-पोरं नाचायचं थांबायची. आता तिथे चिरका आवाज निघायचा. तो खाकरायचा, सिगारेटला शिव्या द्यायचा. हेंक म्हणायचा, सरावाने होईल. मी काही बोलायचो नाही. दर वेळी ती जागा जवळ आली की मी मनात म्हणायचो, फाट, फाट. फाटला की मला गोड वाटायचं आणि त्याच क्षणी त्याच्या मानेवर उभी राहिलेली शीर बघून रडू यायचं. दोन्ही एकाच वेळी कसं होतं, कोण जाणे.

मान वळवली त्याच्या पुढच्या आठवड्यात स्टॅनने व्हॅन धुताना मला सांगितलं, "ते दोघं सिडनीला चाललेत. तिथल्या बँडवाल्यांनी हेंकला बोलावलंय, हेंक म्हणाला गाणारा मी माझा आणणार. तुला बोलला असेल ना लिंडसे?" मी म्हणालो, "बोलला." स्टॅनने फडका पिळला. "मग ठीक. मला वाटलं आपल्यालाच वाऱ्यावर सोडतायत." त्याने मला दोन्हींत धरलं होतं, जाणाऱ्यांच्या विश्वासातही आणि मागे राहणाऱ्यांतही. मी बादलीतलं पाणी गटारात ओतलं.

त्यानंतरचा शनिवार म्हणजे बुलाकूर. दूरच्या मॅली भागातलं एवढंसं गाव, गव्हाची कोठारं, एक रस्ता, एक हॉल; टेनिस क्लबच्या नाचासाठी आम्हाला बोलावलं होतं. सकाळपासून व्हॅनमध्ये. पुढे स्टॅन आणि हेंक, मागे आजोबांना पाठ टेकून लिंडसे आणि मी, गुडघ्याला गुडघा लागेल असे. मला वाटलं, आता सांगेल. वाटेतलं बॅलराट गेलं. आता सांगेल. त्याने सफरचंद काढलं, अर्धं चावून उरलेलं माझ्या हातात दिलं, बघितलंसुद्धा नाही मी घेतो की नाही, इतकी सवय. मी ते खाल्लं. सांगेल म्हणून मी दोनदा त्याच्याकडे तोंड करून बसलो, तर तो झोपला होता. त्याचं डोकं खड्ड्यागणिक माझ्या खांद्यावर आपटत होतं. मी खांदा हलवला नाही. असाच हा रस्ता संपू नये असं मला वाटलं आणि लगेच असंही वाटलं, की ढकलून द्यावं याचं डोकं.

बुलाकूरला पोचलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. दोन दिवसांपूर्वीच्या वादळात विजेच्या तारा पडल्या होत्या, म्हणून हॉलच्या मागे कोणा शेतकऱ्याचं डिझेलचं इंजिन धडधडत होतं. आजोबांना चौघांनी चढवलं. आत लांब टेबलावर बायका भरलेली ताटं मांडत होत्या, त्यांतल्या मुख्य मिसेस ट्रेगिया सगळ्यांशी आपली पोरंबाळं असल्यासारखं बोलत होत्या. हेंकने मोटर सुरू केली, बोटं फिरवली, सगळं ठीक होतं. मी कोपऱ्यात जाऊन बेस लावत बसलो. एकटा असलो की मी तो आधी आमच्या घरच्या सुरातच लावतो. मग वर ओढतो. माझा तो एक चाळा आहे, देवाला नमस्कार करून दुकान उघडावं तसा. तो वर ओढायच्या आतच मिसेस ट्रेगियांनी चहाचा विजेवरचा मोठा बंब चालू केला. मागे इंजिन घोगरं झालं, दिवे पिवळे पडले, आणि हेंकच्या बोटांखालच्या ऑर्गनचा सूर दमून बसणाऱ्या माणसासारखा खाली सरकला आणि तिथेच राहिला.

"हे काय?" हेंक म्हणाला. त्याने पुन्हा पट्टी दाबली. त्याचा गोरा चेहरा आणखी गोरा झाला. "वीज कमी पडते आहे. मोटर हळू फिरते. मी दिलगीर आहे, मी काही करू शकत नाही." मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि नव्हतं. माझ्या मांडीवरच्या बेसची मोकळी तार आपणहून गुणगुणत होती. ऑर्गनमधून आमच्या पुढच्या खोलीतला पियानो वाजत होता. टवक्याची पट्टी. तंतोतंत. मला वाटलं, हे माझ्यासाठीच झालंय. तीनशे मैलांवर, गव्हाच्या कोठारांमध्ये, चहाच्या बंबाने माझी बाजू घेतलीय. आता लिंडसे ऐकेल आणि वळेल. मी तारेवर बोट ठेवून वाट बघत राहिलो.

लिंडसेने ऐकलं. तो सिगारेट पेटवणार होता, काडी तशीच हातात जळली. तो ऑर्गनपाशी गेला, स्वतः ती पट्टी दाबली, पुन्हा दाबली, आणि त्याचा चेहरा अकरा वर्षांच्या पोराचा झाला. "अरे, हा तर मिसेस पीचा पियानो!" तो ओरडला; माझ्या आईला तो मिसेस पी म्हणतो. आणि हेंकच्या शेजारी बाकावर बसला. ढकलून जागा करून घेतली त्याने. "हेंक, लेका, ऐक. नेव्हच्या घरी एक पियानो आहे, पट्टीचा टवका उडालेला…" आणि तो सांगायला लागला. म्हातारा सूर लावणारा, चॉप्स, माझ्या डोक्यातला सूर, तबकडीवरचं बोट, दोऱ्याचं रीळ. हेंक हसत होता, मान हलवत होता, प्रेमाने हसत होता; मी ताटांना हसलो होतो तसं नाही. स्टॅनही ड्रम सोडून आला. दर वाक्याला माझ्या आतून काहीतरी काढून टेबलावर त्या ताटांच्या शेजारी मांडलं जात होतं, आणि मांडणारा आनंदाने नुसता फुलला होता. त्याला कळतसुद्धा नव्हतं. "आणि मग याचे बाबा यंत्र घेऊन दुकानात गेले… नेव्ह, ये ना इकडे. तू सांग, ते तू झकास सांगतोस. घरी येऊन काय म्हणाले बाबा?"

तिघेही माझ्याकडे बघत होते. "मला नाही आठवत," मी म्हणालो.

लिंडसेचं हसू लगेच गेलं नाही, जायला जागा नसल्यासारखं चेहऱ्यावर थोडं राहिलं. "असं काय करतोस? वाटाणे—" तो म्हणाला आणि थांबला. थांबला हे त्याचे उपकार. तेवढ्यात मिसेस ट्रेगिया हात पुसत आल्या. "पोरांनो, दिवे मंद झालेत, तुमच्या पेटीला त्रास होतोय का? बंब बंद करू?" "नको, नको, राहू द्या बाई," लिंडसे म्हणाला, "चहा होऊ द्या," आणि उठून माझ्याकडे आला. उकिडवा बसला. त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, ती बांधत म्हणाला, "सिडनीचं तुला स्टॅनने सांगितलं."

"हो."

"मी सांगणार होतो. व्हॅनमध्ये सांगणार होतो."

"झोपला होतास."

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला. नाडी बांधून झाली होती, तरी तो तिथेच बोटं घालून बसला. "त्यांच्याकडे बेसवाला आहे, नेव्ह. मी विचारलं होतं. देवाशप्पथ विचारलं होतं."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तू काही म्हणत नाहीस तेच तर." तो उठला. गिटार गळ्यात घातली, तारांवरून अंगठा फिरवला. गिटार अजून वरच होती, ऑर्गनच्या नेहमीच्या सुरात. त्याने तोंड वाकडं केलं आणि मग सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी मान डावीकडे वळवली. त्याचे डोळे लाल झाले होते. "नेव्ह," तो म्हणाला, "सूर दे रे."

हेंकने पट्ट्यांवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते. म्हणजे तोही देत होता मला. त्या दोघांनी मिळून मला ते दिलं होतं, उरलेलं सँडविच ताटात घालावं तसं. आठवडाभर मी या तीन शब्दांसाठी जेवलो नव्हतो, आणि ते माझ्यासमोर होते, आणि माझं बोट तारेवर होतं.

"ऑर्गनकडून घे," मी म्हणालो.

तो हेंककडे वळला आणि हेंकने पट्टी दाबली. माझ्या आजीचा पियानो बुलाकूरच्या हॉलभर वाजला. लिंडसेने तारा खाली आणल्या, एकेक. माझा बेस आधीपासून तिथेच होता, जुळवायचं काही नव्हतं. पण लिंडसे तिरक्या नजरेने बघत होता, म्हणून मी खुंटी थोडी पिळली, सूर बिघडवला, आणि हेंककडे बघत बघत, त्याच्याकडून घेतल्यासारखा, पुन्हा होता तिथे आणून ठेवला.